देवळाचे अरण्य

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी वक्ता नाही. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा, एस.एस.सी.पर्यंत शिकलेला मनुष्य आहे. समितीने हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे दिले, ते मी यथाशक्ति केले. हिशेब आपणांपुढे वाचून दाखविला आहेच. अध्यक्षांनी आग्रह केला की, हिशेबाखेरीजही दोन शब्द बोला. तेव्हा हिशेब लिहिताना जो प्रश्न मनात उभा राहिला त्याविषयी, आणि त्याचे उत्तर शोधताना एका दूरच्या देशाविषयी जे वाचावयास मिळाले त्याविषयी बोलतो. तो देश जपान. मी तो पाहिलेला नाही. तालुक्याच्या वाचनालयातील पुस्तकांवरच माझी सारी भिस्त आहे.

आधी प्रश्न सांगतो. आपल्या सभामंडपाला सागाचे २४ खांब होते. मंडप पाडून स्लॅब टाकावा की लाकडी ठेवावा, यावर ग्रामसभेत किती वाद झाला ते आपणांस आठवत असेल. आज खोटे कशाला बोलू? मी स्वतः स्लॅबच्या बाजूने हात वर केला होता. पण सुतार आबांनी वाकस उलटा धरून एकेक खांब ठोकून पाहिला. काही खांब बद्द वाजले, तर काही घंटेसारखे खणखणले. खणखणणारे १५ निघाले. आबा म्हणाले, "हे खांब तुमच्या नातवंडांनाही पुरतील. पाडता कशाला?" त्यावर गाव गप्प झाले आणि मंडप लाकडी राहिला. राहिलेले ९ खांब नवे घ्यावे लागले. ते बाहेरच्या वखारीतून आले आणि साऱ्या हिशेबात सर्वांत मोठी रक्कम त्या लाकडाचीच निघाली. ती लिहीत असताना आबांनी मला विचारले, "भाऊसाहेब, देवाचा स्वतःचा साग कुठे गेला?" हाच तो प्रश्न.

आता जपानकडे वळतो.

जपानच्या मिए प्रांतात ईसे नावाचे गाव आहे. तेथे सूर्यदेवी अमातेरासू हिचे देऊळ आहे. त्या देशात याहून थोर क्षेत्र नाही. जवळच धान्याची देवता तोयोउके हिचे दुसरे देऊळ आहे. ही देवळे पाहून आपल्याकडच्या मनुष्याला नवल वाटेल, कारण तेथे शिखर नाही, दगडी गाभारा नाही, रंगरंगोटी नाही. हिनोकी नावाच्या सुगंधी सूचिपर्णी झाडाचे साधे, तासलेले लाकूड आणि वर गवताचे जाड छप्पर. खांबाखाली तळखडाही नाही, खांब सरळ जमिनीत पुरलेले. असा खांब ओलीने कुजणार, हे आपल्याकडच्या पोरालाही कळेल. तसे ते कुजतेही. म्हणून तेथे दर २० वर्षांनी ते देऊळ जसेच्या तसे नवे बांधतात.

यासाठी जागेची सोय मोठी नामी आहे. देवळाशेजारी तेवढीच दुसरी मोकळी जागा राखलेली असते, तिच्यात पांढरे गोटे पसरलेले असतात. जुने देऊळ उभे असतानाच शेजारी नवे उभे राहते. मग रात्रीच्या अंधारात देवीला समारंभाने नव्या घरी नेतात आणि जुने देऊळ उतरवितात. पुढची २० वर्षे ती जागा मोकळी. हा पहिला सोहळा इ.स. ६९० साली, जितो नावाच्या सम्राज्ञीच्या कारकिर्दीत झाला. ६२ वा सोहळा २०१३ साली झाला. ६३ वा २०३३ साली व्हावयाचा आहे आणि त्याचे विधी २०२५ सालीच सुरू झाले, कारण सारी तयारी आठ वर्षे चालते. देवळाबरोबर देवीची वस्त्रे, शस्त्रे, उपकरणी अशा सातशेहून अधिक प्रकारच्या दीड हजारांवर वस्तूही नव्याने घडवितात.

कोणी म्हणेल, हा केवढा खर्च! पण यात एक गोष्ट साधते. सुतार विशीत असताना पहिल्या बांधणीत हाताखाली राबतो, चाळिशीत दुसरी बांधणी स्वतः करतो आणि साठीत तिसऱ्या वेळी पोरांना शिकवितो. त्यामुळे लाकूड कुजले तरी विद्या कुजत नाही. जुने लाकूडही वाया जात नाही. मुख्य देवळाचे आढे पेलणारे मोठे खांब उतरवून इसुझू नदीवरच्या पुलाच्या दोन टोकांना कमानी उभारतात. त्या कमानी २० वर्षांनी निघाल्या की जुन्या यात्रामार्गावरच्या कुवाना व सेकी या ठिकाणी पुन्हा उभ्या राहतात. बाकीचे लाकूड इतर गावांच्या देवळांना जाते. आपल्या मंडपाच्या वाईट निघालेल्या खांबांचे चांगले तुकडे आबांनी नगारखान्याच्या तुळयांना वापरले, तेव्हा मला हीच गोष्ट आठवली.

ही परंपरा कधी तुटलीच नाही असे नव्हे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत तेथे यादवी माजली आणि शंभराहून अधिक वर्षे ईसेचे हे काम थांबले. तेव्हा केइकोइन नावाच्या मठातील भिक्षुणी गावोगाव हिंडल्या, वर्गणी गोळा केली आणि १५६३ साली एका देवळाचा सोहळा पुन्हा घडवून आणला. अलीकडे दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर १९४९ सालचा सोहळा पुढे गेला, तो १९५३ साली पार पडला. देणगीदारांपुढे हे मुद्दाम सांगतो. राजाश्रय आटला तेव्हा दारोदार फिरणाऱ्या बायांनी ते देऊळ राखले. आपल्या गावातही महिला मंडळाने घरोघर धान्य गोळा केले, ते मी हिशेबात पहिल्या पानावर लिहिले आहे.

आता मुख्य गोष्ट. एका सोहळ्याला हिनोकीची दहा हजारांवर झाडे लागतात. ती आणावयाची कोठून? फार पूर्वी देवळाच्या स्वतःच्या डोंगरातून येत. मोठाले वृक्ष संपले तसे लाकूड दूरच्या कीसो खोऱ्यातून येऊ लागले. देवाच्या डोंगरावर सरपणासाठी तोड झाली, डोंगर उघडा पडला आणि १९१८ साली नदीला मोठा पूर आला. तेव्हा तेथील लोकांचे डोळे उघडले. १९२३ साली त्यांनी देवळाच्या साडेपाच हजार हेक्टरांच्या अरण्यासाठी एक योजना आखली. मुदत किती ठेवली असेल? पाच वर्षे नाही, दहा वर्षे नाही, दोनशे वर्षे! लावणारा पाहणार नाही, त्याचा मुलगाही पाहणार नाही, हे ठाऊक असून त्यांनी रोपे लावली. त्या अरण्यात विरळणी करताना जी झाडे निघाली त्यांतून २०१३ सालच्या सोहळ्याला सुमारे चौथा हिस्सा लाकूड मिळाले. सुमारे सातशे वर्षांनंतर प्रथमच देवाच्या डोंगराचे लाकूड देवाच्या घराला लागले.

मी कचेरीत रोज फेरफार नोंदवितो. माणसे तीस वर्षांच्या वाटणीवरून भांडतात, हे रोज पाहतो. दोनशे वर्षांचा विचार कागदावर मांडणारी माणसे आहेत, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

ईसेचे देऊळ वारंवार नवे होते, म्हणून कोणी समजेल की लाकूड टिकतच नाही. त्याचे उत्तर नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिरात आहे. आपल्या देशातील बुद्धाचा धर्म चीन व कोरिया यांच्या वाटेने जपानात गेला, त्या काळचे हे मंदिर. ते इ.स. ६०७ च्या सुमारास स्थापन झाले, ६७० साली जळाले आणि पुन्हा बांधले. तेव्हा बांधलेले मुख्य मंदिर व पाच मजली मनोरा आजही उभे आहेत. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती त्याच. मनोऱ्याची उंची ३२ मीटरांच्या वर. आपल्या स्तूपावर छत्री असते, तिचेच हे वाढलेले रूप. त्या भूकंपाच्या देशात हा मनोरा तेराशे वर्षे उभा आहे, कारण त्याचे सांधे खोबणीत कुसू बसवून केलेले आहेत. धक्का बसला की ते थोडे हलतात, पण मोडत नाहीत.

या होर्यूजीचे पिढीजात सुतार निशिओका त्सुनेकाझू (१९०८–१९९५) यांची हकीकत आपल्या सुतार आबांनी ऐकण्यासारखी आहे. त्यांचे आजोबाही तेथलेच मुख्य सुतार. नातवाला कोणत्या शाळेत घालावे असा प्रश्न आला, तेव्हा आजोबांनी त्याला शेतकी शाळेत घातले. का? तर सुताराला लाकूड कळावयाचे असेल तर आधी झाड कळले पाहिजे, आणि झाड कळावयाचे असेल तर माती कळली पाहिजे. त्या घराण्याची रीत अशी की, लाकूड खरेदी करताना वखारीत न जाता डोंगरावर जाऊन उभे झाड पाहावे. डोंगराच्या दक्षिण अंगाला वाढलेले झाड देवळाच्याही दक्षिण अंगालाच लावावे, उत्तरेचे उत्तरेला. वाऱ्याने एखादे झाड डावीकडे पिळवटलेले असेल, तर त्याच्याशी उजवीकडे पिळवटलेले झाड जोडावे, म्हणजे दोघांचे पीळ एकमेकांना धरून ठेवतात. निशिओका सांगत की, हजार वर्षांचे झाड तोडले तर देऊळ हजार वर्षे टिकले पाहिजे, नाही तर झाडाचा अपराध होतो.

१९३४ साली होर्यूजीचा मोठा जीर्णोद्धार सुरू झाला आणि वीस वर्षे चालला. छपराची कौले उतरविल्यावर, तेराशे वर्षे ओझ्याने वाकलेले वासे थोडे वर उचलले गेले, आणि जुन्या लाकडावर रंधा फिरविताच हिनोकीचा वास आला, असे निशिओका यांनी सांगून ठेवले आहे. मात्र याच कामाच्या दिवसांत, २६ जानेवारी १९४९ रोजी, मुख्य मंदिरात आग लागून भिंतींवरील प्राचीन चित्रे होरपळली. पुढच्याच वर्षी तेथे जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि आजही २६ जानेवारीला तेथील मंदिरांतून आग विझविण्याची कवायत करतात. आपण त्या दिवशी झेंडावंदन करतो. त्याच दिवशी मंडपातील विजेच्या तारा व समयांच्या जागा तपासण्याचा रिवाज पाडला, तर बरे होईल.

आता स्लॅबचा वाद. तो फक्त आपल्याच गावात झाला असे समजू नका. नारा येथेच याकुशीजी नावाचे मंदिर आहे. त्याचे मुख्य मंदिर १५२८ साली लढाईच्या आगीत जळाले. पुढे साडेचारशे वर्षे त्याला पूर्वीचे रूप आले नाही. १९६७ साली ताकादा कोइन मठाधिपती झाले. त्यांनी बड्या कारखानदारांकडे हात पसरले नाहीत. त्यांनी लोकांना सांगितले, आपल्या हाताने प्रज्ञापारमिता हृदयसूत्राची एक प्रत लिहा आणि सोबत एक हजार येन द्या. अशा दहा लाख प्रती जमवावयाच्या, असा संकल्प सोडला. लोक हसले. पण दहा लाख प्रती झाल्या आणि १९७६ साली मंदिर उभे राहिले. येथे बसलेल्या ज्या आजींनी पाच रुपये देताना 'माझे नाव नको लिहू बाबा' म्हटले, त्यांना हे सांगावेसे वाटते.

त्या कामाचे मुख्य सुतार निशिओकाच होते. आगीच्या भीतीने गाभारा सिमेंट-काँक्रीटचा करावा, असे तज्ज्ञांचे म्हणणे पडले. निशिओका म्हणाले, काँक्रीटची उमर शंभर वर्षांची, लाकडाची हजाराची. दोघांचे लग्न कसे लावता? अखेर आतला भाग काँक्रीटचा झाला आणि बाहेरचा सारा लाकडाचा. सुताराचे पुरते ऐकले गेले नाही, आणि तज्ज्ञांचेही पुरते खरे झाले नाही. गावकीच्या कामात असेच होते! नंतर १९८१ साली त्यांनी तेथला पश्चिमेचा मनोरा बांधला, तो शेजारच्या जुन्या मनोऱ्यापेक्षा सुमारे एक फूट उंच ठेवला. कारण नवे लाकूड व जमीन दबत दबत काही शतकांनी दोन्ही मनोरे सारखे व्हावेत. पण या कामातील एक दुःख सांगितले पाहिजे. एवढ्या मंदिराला लागणारी जाड हिनोकी झाडे जपानात उरलीच नव्हती. लाकूड तैवानच्या डोंगरातून आणावे लागले. ज्यांची विद्या अजून जिवंत होती, त्यांचे अरण्य मात्र संपले होते.

देवळांविषयी सांगितले, तेच जपानच्या जुन्या घरांतही दिसते. घराला ओसरीसारखी लाकडी पट्टी असते, तिला एंगावा म्हणतात. तिच्यावर बसले की आपण घरातही असतो आणि बागेतही. वळचण लांब काढलेली, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्या. खिडक्यांना कागद लावलेला, त्यातून मऊ उजेड येतो. क्योटो येथील एन्त्सूजी मंदिरात बागेची रचना अशी की, दूरचा हिएइ डोंगर त्या बागेचाच भाग वाटावा. याला ते उसना देखावा म्हणतात. शिराकावागो या डोंगराळ भागात उंच गवती छपरांची घरे आहेत. तीस-चाळीस वर्षांनी छप्पर शाकारावयाचे असले की शे-दीडशे माणसे जमतात आणि एक-दोन दिवसांत काम उरकतात. आज याच्या घरी, उद्या त्याच्या. याला तेथे 'युइ' म्हणतात. आपल्या वडिलांच्या वेळी शेतावर इर्जिक होत असे, तिचीच ही बहीण.

आणि काही ठिकाणी तर देवाला घरच नाही. नारा प्रांतातच मीवा नावाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी ओमीवा नावाचे देवस्थान आहे. तेथे पूजेचा मंडप आहे, पण मूर्तीचा गाभारा नाही. डोंगर हाच देव. त्याच्यावरची झाडे तोडावयाची नाहीत. आपल्याकडच्या देवराईची रीत याहून वेगळी काय आहे?

जपानात सर्वच चांगले आहे असे मात्र मी म्हणणार नाही. युद्धात जळालेली कित्येक देवळे तेथे काँक्रीटचीच बांधली. ओसाका शहराचे शितेन्नोजी हे फार पुरातन मंदिर, तेही तसेच. युद्धानंतर डोंगरच्या डोंगर एकाच जातीच्या सुगी झाडांनी भरले, पुढे परदेशी लाकूड स्वस्त झाले आणि त्या झाडांकडे कोणी पाहीना. आज त्यांच्या परागाने लाखो लोकांना दर वसंतात शिंका येतात व डोळे चुरचुरतात. झाड लावले म्हणजे झाले, असे नाही. जमिनीला मानवेल ते लावावे आणि मग निगा राखावी.

याचा धडा टोकियोतील मेइजी देवस्थानाने दिला आहे. ते १९२० साली झाले. जागा बहुतेक उघडी माळरानाची. देशभरातून लोकांनी सुमारे एक लाख झाडे देणगी म्हणून पाठविली, आणि हजारो तरुणांनी अंगमेहनत केली. पंतप्रधान ओकुमा यांचे म्हणणे, ईसेसारखी उंच सुगी झाडे लावा. पण अरण्यशास्त्राचे जाणकार होंदा सेइरोकू यांनी पंतप्रधानांना सांगितले की, येथे ती जगणार नाहीत. त्यांनी त्या मातीत आपोआप रुजणारी सदाहरित झाडे निवडली आणि सुमारे दीडशे वर्षांनी हे वन स्वतःच्या बळावर उभे राहील, असा हिशेब मांडला. शंभर वर्षे उलटली आहेत आणि भर शहरात सुमारे ७० हेक्टरांचे ते दाट रान उभे आहे. वाळलेली पानेसुद्धा झाडून बाहेर नेत नाहीत, पुन्हा झाडांच्या बुडाशीच टाकतात.

आता आबांच्या प्रश्नाकडे येतो. देवाचा साग कुठे गेला? मी जुने कागद काढून पाहिले. ओढ्यापलीकडचा जो उघडा गट आहे, जेथे आज आपण गुरे सोडतो, तो श्री भैरवनाथांच्या नावावर आहे. जुन्या नोंदीत त्यात सागाची व आंब्याची झाडे लिहिलेली आहेत. ती कोणी चोरली नाहीत. शाळेच्या खोल्या बांधण्यासाठी गावाने एकमताने तोडली. त्या पंचांत माझे आजोबा होते. त्याच खोल्यांत मी चौथीपर्यंत शिकलो. म्हणून त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. काम चांगलेच होते. चूक एवढीच झाली की, तोडलेल्या झाडाच्या जागी कोणी रोप लावले नाही. ती चूक करणाऱ्यांत आजोबांनंतरचे सगळे, म्हणजे मीही आलो.

समितीकडे थोडी रक्कम शिल्लक आहे. काहींचे म्हणणे, सगळ्या पटांगणाला फरशी बसवावी आणि वेशीवर मोठी कमान उभारावी. हेतू वाईट नाही. परंतु माझी नम्र सूचना आहे की, ती रक्कम देवाच्या त्या गटाला कुंपण घालण्यास, पाण्याची सोय करण्यास आणि साग, आंबा, जांभूळ, वड अशी आपल्या मातीची झाडे लावण्यास खर्चावी. देवराईची एक वेगळी वही असावी. कोणत्या साली कोणते झाड लावले, कोणते मेले, कोठे नवे लावले, हे तीत दरसाल लिहावे. ती वही लिहिण्याचे काम माझ्याकडे द्यावे, मी आनंदाने करीन. माझ्यानंतर शाळेतील एखाद्या मुलाने ते घ्यावे.

साग खांबाजोगा व्हावयास दोन पिढ्या लागतात. आज बसविलेले ९ खांब केव्हा तरी बद्द वाजतील. त्या दिवशी कोणी सुतार वाकस उलटा धरून ठोकून पाहील आणि देवाचा साग कुठे आहे म्हणून विचारील. तेव्हा आपल्यापैकी कोणी नसेल. पण जो कोणी कारकून असेल, त्याला वही उघडून ओढ्यापलीकडे बोट दाखविता यावे, एवढीच श्रींच्या चरणी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!